लुगडं घोट्यापर्यंत

"आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं.

"हं. वाटलंच."

डॉक्टर हसत होते. पेरेंट्स इव्हिनिंग होती. शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलामागे एक टीचर. माझ्यासमोर ते, आणि त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी सई, माझ्या हिस्टरीच्या वर्गातली. इतका वेळ ते माझ्याशी इंग्रजीत बोलत होते. आता मराठीत आले. आवाज तोच ठेवला, पेशंटशी बोलतात तसा मऊ.

"सवलतीवर शिकलात, त्याला माझी हरकत नाही. पण तुमच्या लोकांचं रडगाणं इथवर आणू नका. माझ्या मुलीला तुमच्या वस्तीत नेऊन बसवायची काही गरज नाही."

सई मान खाली घालून बसली होती. आमच्या डिपार्टमेंटची हेड मार्गारेट चहाचा कप घेऊन मागून चालली होती. ती थांबली. "किती छान," ती म्हणाली, "तुम्हाला आपल्या भाषेत बोलायला कोणीतरी मिळालं." डॉक्टर तिला थँक यू म्हणाले.

आणि मी म्हणाले, "सई छान लिहिते. स्पेलिंगकडे जरा लक्ष द्यायला हवं."

ह्याच तोंडानं म्हणाले.

मी नागपूरची. इंग्लंडमध्ये शिक्षक कमी पडत होते त्या वर्षांत आले. क्रॉयडनची शाळा, वर्क परमिट शाळेच्या नावावर. नोकरी गेली की देश गेला. नवऱ्याचा व्हिसाही माझ्याच परमिटला बांधलेला. हे सगळं त्या एका क्षणात डोक्यात येऊन गेलं, आणि जीभ स्पेलिंगवर घसरली.

डॉक्टर चिडले कशावरून, ते सांगते.

दोन महायुद्धांच्या मधली वर्षं शिकवायची होती. पुस्तकात पंतप्रधान होते, संप होता, बेकारांची रांग होती, रेडिओभोवती बसलेलं एक कुटुंब होतं. मुलं जांभया देत होती. मी पुस्तक मिटलं. म्हटलं, घरी जा आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. तुमच्या लहानपणी घरात पाणी कुठून यायचं? कपडे कोण धुवायचं? कुठल्या दारानं आत जायची परवानगी नव्हती? आणि त्यातलं काय बदललं, कोणी बदललं?

मुलं विचारून आली. जॅक नावाचा एक मुलगा, कधी हात वर न करणारा, उभा राहिला. त्याची पणजी मोठ्या घरात मोलकरीण होती. नाव फ्लोरेन्स. मालकीण पहिल्याच दिवशी म्हणाली, आमच्याकडच्या मोलकरणीला आम्ही मेरी म्हणतो. मग पणजी तिथं असेपर्यंत मेरी. पुढे कारखान्यात लागली तेव्हा हजेरीला स्वतःचं नाव ऐकून तिला रडू आलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "मिस, दॅट्स हॉरिबल."

तेव्हा सईनं विचारलं, "मिस, तुमची ग्रॅन?"

मी टाळू शकले असते. टाळलं नाही. आजीनं तिच्या आईबद्दल सांगितलेलं होतं ते सांगितलं. आमच्या गावात आमच्या बायकांनी लुगडं गुडघ्याच्या वरच नेसायचं. पाय झाकायचे नाहीत. अंगावर कथलाचे दागिने, लांबून ओळख पटावी म्हणून. मग त्याच वर्षांत चळवळीतली माणसं आली. रात्री वस्तीत बसून म्हणाली, हे सोडा. पणजी सकाळी बाहेर पडली ती लुगडं घोट्यापर्यंत नेसून. पाटलानं सगळ्यांसमोर विचारलं, "पाय झाकायला लागलीस का गं तू?" ती म्हणाली, "हो." एवढंच. त्या सुगीला आमच्या घराला कोणी कामावर बोलावलं नाही. घरात उपास पडले. लुगडं वर गेलं नाही.

"तुमच्या पुस्तकात आहे," मी मुलांना म्हटलं, "की त्या वर्षांत इंग्लंडमधल्या बायकांचे स्कर्ट आखूड झाले आणि त्या मोकळ्या झाल्या. माझ्या पणजीचं कापड लांब झालं. तीही मोकळीच झाली."

मुलांनी सगळ्या पणज्या लिहून काढल्या. मी त्या भिंतीवर लावल्या. माझीही लावली, फ्लोरेन्सच्या शेजारी. सई घरी गेली आणि जेवताना वडिलांना तिनं विचारलं, "बाबा, त्या वेळी आपण कुठल्या साइडला होतो?"

म्हणून ते आले होते.

त्या संध्याकाळी मी ट्रामचे दोन स्टॉप सोडून चालत राहिले. बसवत नव्हतं. घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू गप्प राहिलीस ना? बरं केलंस. परमिट रिन्यू होऊ दे, मग बघू." तो घाबरट नाही. मोजून चालणारा आहे. पण त्याचं ते "बरं केलंस" मला डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. भाजी चिरायला घेतली, तशीच टाकली. टीव्ही लावला, बंद केला. आई मला लहानपणी म्हणायची, शिक, म्हणजे कोणाची हिंमत होणार नाही. शिकले. समुद्र ओलांडला. हिंमत झालीच की. आणि गप्प मी बसले.

दुसऱ्या दिवशी सई वर्ग सुटल्यावर दाराशी थांबली.

"मिस, बाबा काल 'तुमचे लोक' म्हणाला. पण आपण तर सेम लोक आहे ना? मराठी?"

"म्हणाले," मी म्हटलं. व्याकरण दुरुस्त केलं.

"आणि सवलत म्हणजे काय?"

चौदा वर्षांची पोर. तिला सगळं ऐकू गेलं होतं. अर्थ पुरता कळला नव्हता, पण हे तिला नीट कळलं होतं की असं बोलता येतं, आणि ज्याला बोललं तो माणूस स्पेलिंगबद्दल बोलतो. हे मी तिला शिकवलं होतं. पुस्तकाशिवाय.

"सांगेन," मी म्हटलं. "तुझ्या बाबांसमोर सांगेन."

डॉक्टरांनी लेखी तक्रार केलीच होती. मार्गारेटनं आम्हा दोघांना तिच्या ऑफिसात बोलावलं. सई आली नव्हती. डॉक्टर इंग्रजीत बोलले. विषय ब्रिटनचा आहे, इंडियातल्या जुन्या गोष्टी कशाला, आमच्या मुलांना लाज वाटेल असं काही नको. मार्गारेट मान हलवत होती. ती मला म्हणाली, "तेवढा एक कागद काढला तर चालेल ना? बाकीचे राहू देत."

मी काही बोलायच्या आत डॉक्टर माझ्याकडे वळले. पुन्हा मराठी, पुन्हा तो मऊ आवाज.

"हे बघा, आपण मराठी माणसं. आपल्यातलं ह्या लोकांसमोर कशाला? तुम्ही तो कागद काढा, मी तक्रार मागे घेतो. इथं तुम्हाला कोणी ओळखत नाही, हे तुमच्याच फायद्याचं आहे. ते घालवू नका."

मार्गारेट हसून म्हणाली, "मिटलं का?"

"नाही," मी म्हटलं. "ते काय म्हणाले, ते सांगते."

आणि सांगितलं. इंग्रजीत, शब्दाला शब्द. मग त्या संध्याकाळचंही सांगितलं. सवलत, वस्ती, तुमचे लोक, आडनाव ऐकून वाटलंच. सईला कबूल केलं होतं, म्हणून सवलत म्हणजे काय तेही. डॉक्टरांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ते म्हणाले, "शी इज ट्विस्टिंग इट." मी म्हटलं, "सईला बोलवा. ती तिथं होती."

त्यांनी सईला बोलवू दिलं नाही.

मार्गारेटनं कप बाजूला सरकवला. मग म्हणाली की हे फार अवघड आहे, तुमच्या कम्युनिटीतल्या गोष्टीत शाळेनं पडावं असं तिला वाटत नाही. मी म्हटलं, "कागद मी काढणार नाही. तुम्हाला काढायचा असेल तर तुमच्या हातानं काढा."

तिनं काढला. हाफ टर्मच्या सुट्टीत, शाळा रिकामी असताना. सुट्टीनंतर जॅकनं विचारलं, "मिस, तुमची पणजी कुठे गेली?" मी जे झालं ते वर्गाला सांगितलं. सई तेव्हा वर्गात नव्हती. तिला दुसऱ्या टीचरकडे हलवलं होतं. ती कॉरिडॉरमध्ये दिसते, हात वर करते, बोलत नाही.

परमिट रिन्यू झालं. शिक्षक कमी पडत होते, म्हणून झालं. माफी कोणी मागितली नाही. मराठी मंडळाच्या गणपतीला आम्हाला बोलावणं आलं नाही. नवरा आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलला, मग एका संध्याकाळी म्हणाला, "मी असतो तर मला जमलं नसतं."

सप्टेंबरमध्ये नवं टाइमटेबल लागलं. दोन महायुद्धांच्या मधली वर्षं माझ्याकडून काढून घेतली. मला सगळ्यात लहान मुलं दिली आणि किल्ले. बुरूज, खंदक, राजे. मार्गारेट म्हणाली, "हे तुम्हाला आवडेल. सोपं आहे."

पहिल्या तासाला फळ्यावर किल्ला काढला. राजा कुठे राहायचा ते मुलांनी लगेच दाखवलं. मग मी विचारलं, हे दगड कोणी वाहिले? ती माणसं पाणी कुठून प्यायची? कुठल्या दारानं आत यायची?

हे मी किल्ल्यांना विचारणार. किल्ले काढून घेतले तर जे देतील त्याला विचारणार. ह्या शाळेनं काढलं तर दुसऱ्या शाळेत विचारणार. आडनाव विचारायची वेळ कोणावर येणार नाही. आत शिरतानाच मी ते मोठ्यानं सांगणार आहे.