वर काढलेला डोंगा

चाळीस वर्षे मी बुडालेली जहाजं वर काढली. मुंबईच्या गोदीत पाणबुड्याच्या हवेचा पंप फिरवण्यापासून सुरुवात केली, मग स्वतः पाण्यात उतरलो. लढाईच्या काळात गोरे कमी पडले तेव्हा कुठे आरमाराने मला अधिकाऱ्याची टोपी दिली. टोपी मिळाली तरी माझ्या मनातला साहेबलोकांचा तिटकारा काही गेला नाही. छत्रीखाली होडीत बसायचं आणि उंटावरून शेळ्या हाकायच्या. खाली चिखल किती, जहाज कोणत्या कुशीवर पडलंय, हे जो पाहून आलाय त्याला एका शब्दाने विचारायचं नाही. अशाच एका हुकमाने साखळी भलत्या जागी बांधली गेली आणि वर येता येता जहाजाचे दोन तुकडे झाले. ठपका पाणबुड्यावर आला. तो पाणबुड्या मी होतो.

लढाई संपली आणि मला घरी पाठवलं. सौंदडला गाडीतून उतरून गावी आलो तर तेच धान, तोच तलाव, तीच माणसं. जहाज ओढायला किती बैल लागतात, असं एकाने मला विचारलं. मी त्याच्याशी पुन्हा बोललो नाही. गाढवापुढे वाचली गीता!

वैशाखात तलावाचं पाणी उतरलं, तेव्हा काठाजवळ एक बुडालेला डोंगा दिसला. एकाच खोडातून कोरलेली होडी, आत गोटे भरलेले. गोटे पाहताच मी ओळखलं की कुणीतरी दावा साधलाय. लढाईत जहाजंही अशीच मुद्दाम बुडवतात. डोंगा ज्या ढिवराचा, म्हणजे मासे धरणाऱ्याचा, होता तो लेकीकडे सालेकशाला गेलेला. काठावर धुणं धुणारी म्हातारी म्हणाली, "राहू द्या ना बाबूजी, तो येईल तं पाहील."

मी तिला गप्प केलं. गोटे उपसायला लावले, दोन बैलजोड्या जुंपल्या आणि डोंगा ओढून तलावाच्या पाळीवर, उंच बांधावर, आणून ठेवला. अशा कामाला आरमारात पदक मिळतं, हेही जमलेल्यांना ऐकवलं. लोक आपापल्या कामाला निघून गेले. या अडाण्यांना काय कळणार, असं मनात म्हणत मी घरी जेवायला गेलो.

ढिवर आठ दिवसांनी आला. तोवर डोंगा टोकापासून मध्यापर्यंत तडकला होता, फटीतून हात जाईल इतका. मला ते ठाऊक नव्हतं, मी शाबासकी घ्यायला गेलो होतो. तो खाली बसून फटीवर हात फिरवत होता.

"मीच बुडवून ठेवला होता, साहेब. उन्हात लाकूड फाटते ना. दरसाल ठेवतो. माह्या बापानं कोरला होता हा. आता एवढं झाड जंगलवाले तोडू देतेत का?"

मी डांबर, पत्रा, खिळे असं काहीबाही सांगू लागलो. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मले इचारलं काऊन नाही?"

मला स्वतःची शिसारी आली. फटीत डांबर भरलं, वरून पत्रा ठोकला, पण पाण्यात सोडताच डोंगा भरला. त्या पावसाळ्यात बाकीचे ढिवर डोंग्यांतून खोल पाण्यात जायचे आणि तो छातीभर पाण्यात उभा राहून जाळं टाकायचा. मी रोज पाळीवर जायचो. पाऊस असायचा म्हणून छत्री उघडून बसायचो.