शेजारच्या सीटवरचं पाणी

जुनी गाडी बघायला साळवे मिस्त्रींना न्यायचं तर त्यांच्या दोन अटी असत. सकाळी लवकर निघायचं आणि आपण कधी पोचणार ते गाडीच्या मालकाला कळवायचं नाही. पोचल्यावर ते रामराम-नमस्कारात वेळ घालवत नसत. सरळ जाऊन बॉनेटवर तळहात ठेवत. बॉनेट कोमट लागलं तर चहाही न घेता परत फिरत. "गरम इंजिन कुणाचंबी गोड बोलतं," ते म्हणत. "गार असताना काय बोलतं ते ऐकावं." बॉनेट गार असलं की गाडी सुरू करायला लावत, एका लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवत, मूठ कानामागच्या हाडावर दाबत आणि डोळे मिटून घेत. तेवढ्या वेळात कुणी खाकरलं तरी त्यांचा डावा हात वर जाई.

आष्टी तालुक्यातल्या आमच्या भागात कितीतरी ट्रॅक्टर आणि जीपगाड्या केवळ या माणसाच्या कानावर विश्वास ठेवून घेतल्या गेल्या. तरुणपणी ते एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये होते. दुष्काळात कारखान्याचा हंगाम बंद पडला तेव्हा नोकरी गेली आणि त्यांनी फाट्यावर पत्र्याचं शेड टाकलं. शेडमध्ये बुद्धाची एक तसबीर होती आणि तिच्याखाली लहान-मोठे पाने मापाच्या क्रमाने टांगलेले. एखादा पाना जागेवर नसला की ते काम थांबवून आधी तो शोधत.

मी गावच्या दूध सोसायटीचा सचिव. ते मला 'सेक्रेटरी' म्हणत. वयाने माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, तरी 'अहो-जाहो'च करत.

मला कॉलेजच्या दिवसांपासून एक वेड होतं. नगरला शिकत असताना रस्त्याने जाणारी एक बसकी, दोनच माणसांची गाडी मी पाहिली होती. तशी गाडी आपल्याकडे असावी, असं तेव्हापासून मनात होतं. पुढे बत्तिसाव्या वर्षी, सलग दुसरा पाऊस गेल्यावर, ती संधी आली. तेव्हा जो तो काही ना काही विकायला काढत होता. नगरच्या एका बंगल्यातल्या शेडमध्ये फायबरच्या अंगाची एक लाल टू-सीटर धूळ खात पडली होती आणि मालक मोटारसायकलीपेक्षा थोड्याच जास्त पैशांत ती द्यायला तयार होता. माझ्याकडे तेवढेच होते. आई म्हणाली, "चार माणसांचं घर आन् गाडीत जागा दोन? बाकीच्यांनी काय मागून पळायचं?" लोक छावणीत जनावरं बांधून बसले होते, सोसायटीत रोज येणारं दूध चार कॅनांवर आलं होतं, आणि मी स्पोर्ट्स कार घेत होतो. लाज वाटत होती. तरी घेतली.

मिस्त्रींनाही ते पटलं नव्हतं. "कशापायी घेता, सेक्रेटरी? पेंडीचं पोतं बसत न्हाई, कडब्याची पेंढी बसत न्हाई. बसणार कोन हिच्यात?" पण नगरच्या त्या शेडमध्ये शिरून बॉनेटवर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. पेचकस कानाला लावून ते इतका वेळ उभे राहिले की मालक अस्वस्थ झाला. मग गाडीखाली सरपटत गेले आणि पाठीला माती लावून बाहेर आले.

"इंजिन ल्हान हाय, पन लई निब्बर. वरचं हेडबी सरळ हाय, कुठं वाकलं न्हाई. रेडिएटर तेवढा गळतोय."

"मग?"

"मंग काय? नगरवाल्याला रेडिएटरची नवी जाळी सांगतो, आठ दिवसांत यील. तवर गाडी लांब न्यायची न्हाई. न्यायचीच पडली तर शेजारच्या सीटवर पान्याचा कॅन. काटा वर चढला की थांबायचं, गार हू द्यायचं, पानी घालायचं. माणूस ऱ्हायला तरी चालंल, कॅन ऱ्हायला न्हाई पायजे."

डिकीत स्टेपनी सोडून काही मावत नव्हतं, म्हणून सीटवर. गाडी गावी आणल्यावर कॅनही त्यांनीच दिला, आपल्या घरून भरून. टँकर त्यांच्या वस्तीवर तिसऱ्या दिवशी येई. मिस्त्रींची बायको दारातून म्हणाली, "लेकरांच्या तोंडचं पानी गाडीला पाजा आता." मिस्त्री हसले. "गाडीला तोंड हाय म्हणून तर पाजायचं."

चार-पाच दिवस मी तो कॅन शेजारी बसवून गावात फिरलो. लोक विचारत, "वहिनी कुठंयत?" मी कॅनवर थाप मारी.

सहाव्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ओट्यावर आमचे चेअरमन आप्पा आले. आप्पा म्हणजे शंभर किलोंचा, पंचक्रोशीत शब्द चालणारा माणूस. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "छावणी बघायला जायचंय. चल, तुझ्या या खेळण्यात नेतोस का मला?"

ओट्यावर पंधरा-वीस माणसं होती. आजवर आप्पांनी मला नावाने हाकसुद्धा मारली नव्हती. मी कॅन उचलला आणि ओट्यावर ठेवला. आप्पांनी एक पाय आत घातला, मग पोट, मग दुसरा पाय. लोक हसले, आप्पाही हसले, आणि आम्ही निघालो. एखादी बाटली घ्यायलाही मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं. पण गाडीत पाणी घेऊन बसायला लागतं हे आप्पांना कळू नये, असं वाटलं.

छावणी डोंगराच्या चढावर होती. निम्म्यात काटा लाल रेघेला टेकला. मला तो दिसत होता. आप्पा म्हणाले, "पळव की बे जरा, बैलगाडी हाय का ही?" मी पळवली. थोड्या वेळाने आतून लोखंड करकरल्यासारखा आवाज आला आणि गाडी जागीच थांबली. ट्रॅक्टरने ओढून ती परत आणली.

ओट्यावर आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "साळव्यानं टोपी घातली तुला. गाडी आधीपासूनच गेलेली व्हती."

मी मान हलवली. त्या माणसाचं आडनाव साळवे होतं, वस्ती गावाच्या कडेला होती, म्हणून आप्पांचं बोट इतक्या सहज तिकडे वळलं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरीही मी 'हो' म्हणून मान हलवली.

संध्याकाळी मिस्त्री माझ्या घरी आले. त्यांनी एवढंच विचारलं, "कॅन व्हता ना गाडीत?"

"होता."

"पानी घातलं व्हतं?"

"दोनदा."

हे दोन शब्द मी चौदा वर्षं सोबत वागवले. कॅन मी आधीच घरी नेऊन रिकामा केला होता. कॅन कशासाठी होता ते ओट्यावर कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून मिस्त्रींपाशी कुणी काही बोललं नाही. त्यांनी विचारलं असतं तर खरं कळलं असतं, पण माझ्या शब्दावर शंका घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी पदरचा वेळ घालून इंजिन उघडलं. हेड वाकलं होतं, पिस्टन चिकटले होते. हेड हातात घेऊन ते गाडीपाशी बसून राहिले. "पानी असताना असं व्हत न्हाई," ते म्हणाले. "म्हंजे हेड पयल्यापून वाकडं असणार. मला ऐकू आलं न्हाई."

गाडी भंगारात गेली. त्याचं मला फार वाटलं नाही. पुढल्या महिन्यात सोसायटीने दुधासाठी जुना टेम्पो घेतला, तेव्हा मेकॅनिक नगरहून आणला. हळूहळू बाकीचेही दुसरीकडे जाऊ लागले. ज्यांचा विश्वास टिकून होता त्यांनाही मिस्त्रीच परत पाठवू लागले. "दुसऱ्या कुणाला दावा. माझा कान गेला," म्हणत. पंक्चर काढायचे, पाणबुडी मोटारी दुरुस्त करायचे. पेचकस होता तिथेच टांगलेला. मी सणावाराला त्यांच्याकडे जात असे, त्यांच्या लेकीच्या लग्नात सगळी धावपळ केली, त्यांना डोळ्यांच्या शिबिराला नेलं. लोक म्हणत, सेक्रेटरी मिस्त्रींना लई जपतात. ते ऐकून मला घास गिळवत नसे.

त्यांची लेक आष्टीला शाळेत शिकवते. एक दिवस बाजारात भेटली आणि हसत सांगू लागली, "काका, बाबांना मी नगरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, या वयात असे कान मी पाहिले नाहीत. तर बाबा त्यांनाच म्हणतात, तुमचं मशीन खराब हाय!"

ती हसत होती. मी मोटारसायकल वळवली आणि सरळ फाट्यावर गेलो.

मिस्त्री लिंबाखाली मोटारीचं वेटोळं सोडवत बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. कॅन काढला. आप्पांना बसवलं. पाणी घातलं नव्हतं, एकदाही. काटा दिसत होता. तुम्हाला खोटं सांगितलं.

त्यांच्या हातातली तार थांबली.

"कुठपत गेलतात?"

"छावणीच्या चढापर्यंत."

"येक घोटबी पानी न्हाई?"

"नाही."

"आन् आप्पा बसलेले?"

"हो."

"त्या उन्हात?" मिस्त्री उठून उभे राहिले. "कोरड्या रेडिएटरवर, आप्पासकट, चढावर गेली? आवो, काय इंजिन व्हतं ते! मी म्हनलंच व्हतं, निब्बर हाय!" आणि ते हसू लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "हेड सरळ व्हतं. मला बराबर ऐकू आलतं. बराबर ऐकू आलतं, गं," असं त्यांनी आत बायकोला ओरडून सांगितलं. तिला काही कळलं नाही.

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात ते वळले. चेहऱ्यावर हसू उरलं नव्हतं.

"चौदा वर्सं मी माझ्याच कानाला शिव्या घातल्या. आन् तू माझ्या लेकीच्या लग्नात पंगती वाढीत व्हतास."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाले. मी खाली बसलो आणि त्यांच्या पायाला हात लावू लागलो. त्यांनी पाय मागे घेतला.

"पाया पडू नगंस. माझ्या एकट्याच्या कानात सांगून काय उपेग? जिथं माझं नाव गेलं तिथं सांग. ऊठ, काढ गाडी."

दुधाची वेळ होती. ओट्यावर माणसं होती आणि कडेच्या खुर्चीत आप्पाही होते, म्हातारे झालेले, चेअरमनपद कधीच गेलेलं. मिस्त्री पायरीवर उभे राहिले. मी सगळं सांगितलं, मान हलवली होती तेही. प्रत्येक वाक्यागणिक छातीवरचं काहीतरी खाली उतरत होतं, हेही मला कळत होतं.

शेवटी आप्पा खाकरले. "मला काय ठावं, मी पान्याच्या जागी बसलोय म्हणून? सांगितलं असतंस तर मांडीवर घेतला असता की रे कॅन!" ओटा हसला. हसू विरल्यावर आप्पा काठी टेकत उठले आणि पायरीपर्यंत आले. "साळवे, चुकलं माझं. न बघता बोललो." मिस्त्रींनी त्यांना हात देऊन परत खुर्चीत बसवलं, पण "असू द्या" म्हणाले नाहीत.

परत जाताना ते मोटारसायकलवर माझ्या मागे बसले होते. फाटा आला. उतरल्यावर धोतर झटकलं आणि म्हणाले, "माझं मला मिळालं. तुझं काय ऱ्हायलं असंल ते तू बघ."

त्यानंतर ते तीन वर्षं होते. लोक पुन्हा येऊ लागले आणि ते पुन्हा गाड्या बघायला जाऊ लागले, गुडघे दुखत असले तरी. मला त्यांनी कधी सोबत नेलं नाही आणि मीही विचारलं नाही. मागल्या उन्हाळ्यात गेले. त्या दिवशी त्यांना पोचवून आलो, अंघोळ केली आणि दुपारी जेवायला बसलो. आई म्हणाली, "आज चांगला जेवलास." खरंच जेवलो होतो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकही घास अडकला नव्हता. ताटात काही उरलं नव्हतं.