पाटावरून न उठलेली पाहुणी

जर्मनीची ती पोरगी राजेश्वर गावातल्या आमच्या घरी तीन महिने मराठी शिकायला राहिली आणि तिनं माझं डोकं पार खाल्लं, हे आधीच सांगून टाकते. पुण्यात वर्ग करून आली होती, पण तिला आमच्या सीमेवरची, कन्नडात घोळलेली मराठी हवी होती. ती शिकवायचं काम आपसूक माझ्या सासूबाईंकडं गेलं. त्यांना सगळी गल्ली अव्वा म्हणते. शाळेची पायरी न चढलेल्या अव्वा ज्वारी निवडता निवडता तास घ्यायच्या आणि पोरगी वही घेऊन समोर बसायची. भाकरी थापताना ती मध्येच उठली की अव्वा ओरडायच्या, "हातातलं पुरं झाल्याबिगर उठायचं न्हाई!" तेही ती वहीत लिहून घ्यायची. मग माझ्याकडं वळून विचारायची, "कामून?" म्हणजे का? दिवसभर कामून, कामून. मी कधी कधी तिला बघून माळवदावर पळायची.

जायचा दिवस उजाडला. हैदराबादची गाडी दुपारी दोनला फाट्यावर येणार होती आणि हैदराबादहून पुढं विमान. नवऱ्याचं भुसार मालाचं दुकान आहे. त्यानं तिची बॅग तूर तोलायच्या काट्यावर चढवली. शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्या यांनी ती जड झाली होती. पोरीनं दोन जाडी पुस्तकं बाहेर काढली, चटणीला हात लावला नाही. हुशार पोर.

मग ओटीचा प्रश्न निघाला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बिनलग्नाची पोर, हिची ओटी कशी भरायची? अव्वांनी जागच्या जागी निकाल दिला, "लेकीसारखी राहिली. रिकाम्या ओटीनं धाडायची व्हय?" पाट मांडला, सुपात तांदूळ घेतले, नारळ आणि खण ठेवला, सगळं त्यांनीच केलं. आणि स्वतः परसात जाऊन भांडी घासायला बसल्या.

माझे सासरे जाऊन वीस वर्षं झाली. तेव्हापासून घरात कुणाची ओटी भरायची वेळ आली की अव्वा परसात जातात. आम्ही लिंगायत, गळ्यात इष्टलिंग बांधणारी माणसं, सगळे सारखे असं रोज तोंडानं म्हणणारी. पण त्यांना परसातून कुणी कधी बोलावलं नव्हतं. मीही नाही.

मी ओटी भरली, दोन शेजारणींनी भरली. "ऊठ गं, दीड वाजला," मी म्हटलं.

पोरगी उठेना. "अव्वा राहिली की."

"अव्वा न्हाई भरत," मी हळूच म्हटलं.

"कामून?"

तिच्या इतक्या कामूनांना उत्तरं दिली होती, याचंही एका वाक्यात दिलं. सांगताना माझी मलाच लाज वाटली. तिनं ऐकून घेतलं आणि ओढणी आणखी पसरून बसली. "मग मी उठत न्हाई. हातातलं पुरं झालं न्हाई."

नवरा दारातून ओरडला, "अगं, गाडी जायली!" मी तणतणत परसात गेले. अव्वा एकच पातेलं घासत होत्या, ते कधीच लख्ख झालं होतं.

"चला अव्वा. तुमची विद्यार्थीण उठेना."

"येडी हाय ती. तिला काय कळतंय? तुला तर कळतंय की."

"मलाच कळलं न्हाई इतकी वर्षं. चला." हे मी रागात म्हटलं, पण खरं म्हटलं.

अव्वा आल्या. ओले हात पदराला पुसले, सूप उचललं, पण वीस वर्षांत सवय मोडलेली, निम्मे तांदूळ ओढणीत पडले, निम्मे जमिनीवर. पोरीनं रीतीप्रमाणं चिमूटभर तांदूळ सुपात परत टाकले, देणाऱ्याचं घरही भरलेलं राहावं म्हणून. मग अव्वांच्या पाया पडली आणि म्हणाली, "आता झालं."

रिक्षात तिला आणि बॅगेला कोंबून आम्ही फाटा गाठला. नवऱ्यानं पुढं जाऊन कंडक्टरला "अण्णा, अण्णा" करत गाडी थांबवून ठेवली होती. जिच्यापासून तीन महिने पळत होते तिच्या गळ्यात पडून मी भर रस्त्यात भोकाड पसरलं. ती हसत होती. "रडायलीस कामून?" म्हणाली.

घरी आले तर अव्वा खाली बसून सांडलेले तांदूळ वेचत होत्या. पाट अजून तिथंच होता. मी पदर पसरून त्यावर बसले.

"तू कुठं निघालीस गं?"

"कुठंच न्हाई."

या घरात येऊन मला सोळा वर्षं झाली होती, अव्वांच्या हातून माझी ओटी एकदाही भरली नव्हती. अव्वांनी माझ्याकडं बघितलं, सूप जवळ ओढलं आणि शिकवणीच्या आवाजात म्हणाल्या, "पदर नीट धर. मघाशी लई सांडलं."