करंगळीची तार

"डोळे मिटा मास्तर, आन खरं सांगा."

असं म्हणून मामा माझ्याकडे बघत राहायचे. मी डोळे घट्ट मिटेपर्यंत गिटारला हात लावायचे नाहीत. उघड्या डोळ्यांचा माणूस समोरच्याचं तोंड बघून उत्तर देतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मास्तर म्हणजे मी, मुखेड-जळकोट गाडीचा कंडक्टर. मामा त्याच गाडीचे ड्रायव्हर. अख्खा डेपो त्यांना मामाच म्हणायचा.

तुम्ही त्या गाडीनं कधी आला असाल, तर मामा तुम्हाला पाठमोरेच आठवत असतील. मलाही बरीच वर्षं ते तसेच माहीत होते. आमचं बोलणं घंटीच्या दोरीवर चालायचं. एक टण म्हणजे थांबा, दोन टण म्हणजे चला. आमच्या घरात नवरा-बायकोचं एवढ्या कमी शब्दांत कधी भागलं नाही.

जन्मभर मामांनी गाडीला ओरखडा येऊ दिला नाही, आणि पडले कुठं, तर अंगणात, उभ्या स्कूटीवरून. डावं मनगट मोडलं. नांदेडच्या डॉक्टरांनी प्लास्टर काढलं तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. डावा हात म्हणजे गेअरचा हात. जळकोटच्या अलीकडं वळणाचा उतार आहे. तिथं मामा गेअरच्या दांड्यावर हात आवळूनच गाडी उतरवायचे, तशी त्यांची सवय. बोटं सुधारली तर पुन्हा स्टिअरिंग, नाही तर निवृत्त होईपर्यंत चौकशीची खिडकी. ठरवणार नांदेडचे तपासणीचे डॉक्टर.

व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. मामांनी तो आठवडाभर दाबला आणि शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला.

"चेंडू काय बोलतो का मास्तर? दाबला तरी गप, न्हाई दाबला तरी गप. सुधारून राहिलो का बिघडून राहिलो, कळावं कसं?"

कपाटावर मुलीची गिटार होती. मुलगी लग्न होऊन हिमायतनगरला गेली, गिटार माहेरीच राहिली. मामांनी ती पुसली, मोबाइलवर एक शिकवणारा पोरगा शोधला आणि ओसरीवर बसले. गिटारच्या तारा डाव्या हाताच्याच बोटांनी दाबायच्या असतात. बोट नीट दाबलं तर तार खणखणते, नाही तर फट् वाजून मरते. मामांना पाहिजे होतं ते हेच. "ही लगेच सांगती," म्हणाले, "तोंडावर सांगती."

मामी मात्र कावल्या. "जन्मभर हॉर्न वाजवला, त्यानं पोट न्हाई भरलं. म्हैस पान्हा चोरून राहिली तुमच्यामुळं."

डेपोत तर उत्सवच झाला. "मामा, गणपतीला आर्केस्ट्रा काढा, मास्तरला नाचवू." मला नाचवायची कल्पना मात्र सगळ्यांनाच पटली होती.

परीक्षक म्हणून मामांनी मलाच का निवडलं, ते विचारू नका. माझा कान 'मास्तर, थांबवा' एवढंच ऐकायला तयार झालेला. पण ड्युटी संपली की मी त्यांच्या ओसरीवर जायचो, डोळे मिटायचो, ते एकेक तार छेडायचे आणि मी म्हणायचो, "बोलली. बोलली. न्हाई बोलली." घरी बायको विचारायची, "आज काय शिकवलंत?" मी म्हणायचो, "डोळे मिटायला."

पहिले काही दिवस रोज एखादी तार जास्त बोलायची. मामा खूश. बोटांच्या टोकांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. ते घट्टे ते डेपोत सगळ्यांना दाखवायचे, पोराचा निकाल दाखवावा तसे. मग गाडी चिखलात रुतली. मोबाइलवरच्या पोरानं एक पकड शिकवली. पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं, बाकीची तीन आपापल्या जागी, आणि तशीच आवळून धरायची. त्यात करंगळीची तार काही केल्या बोलेना. महिना गेला, दुसरा गेला. मामांनी गिटार पुन्हा कपाटावर ठेवली. चार दिवसांनी स्वतःच स्टूल लावून काढली. "तिकडं ठिवली तर हात कुठवर आला ते कोन सांगंल?" म्हणाले.

आता माझी अडचण सांगतो. मामांच्या जागी जो नवा ड्रायव्हर आला होता, तो त्या उतारावर गाडी अशी सोडायचा की म्हाताऱ्या बायका माझं बखोट धरायच्या आणि मी कुणाचं धरावं ते कळायचं नाही. मामा लवकर परत यावेत हा माझा शुद्ध स्वार्थ होता.

तपासणी सोमवारी होती. रविवारी दुपारी मामा ओसरीवर बसले. मामी चहा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"आज ती पकड. एकदाच वाजवतो. आज बोलली तर उद्या स्टिअरिंग मागायचं. न्हाई बोलली तर मागायचं न्हाई."

"अहो, पण डॉक्टर बघतील ना?" मी म्हणालो.

"डॉक्टर मूठ वळून बघत्यात. मूठ मला वळती. उतारावर मूठ वळून भागत न्हाई, धरून ऱ्हावं लागतं. डोळे मिटा मास्तर, आन खरं सांगा."

डोळे मिटायच्या आधी मी मामींकडे पाहिलं. चहाची बशी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती आणि मान हलवत होत्या: हो म्हणा. त्या बाईंनी मला आयुष्यात पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

मी डोळे मिटले. मामांनी बोटं जुळवली, ते त्यांच्या श्वासावरून कळत होतं. श्वास रोखला. पहिली तार खणखणली. मग दुसरी, तिसरी. मग करंगळीची तार आली.

फट्.

पुढच्या दोन तारा मी ऐकल्याच नाहीत. गोठ्यात म्हशीनं शेपूट आपटलं. मला तो उतार दिसत होता, भरलेली गाडी दिसत होती, आणि त्याच वेळी मामींची बशीसुद्धा.

"न्हाई बोलली, मामा."

डोळे उघडले तेव्हा मामी दारात नव्हत्या. चहा आत गेला होता, माझाही.

सोमवारी मी रजा टाकून मामांबरोबर नांदेडला गेलो. डॉक्टरांनी मूठ वळायला सांगितली, बोटं ताणून बघितली आणि म्हणाले, "छान. गाडी चालवा."

मामा उठले नाहीत. "साहेब, वळती पन धरून ऱ्हात न्हाई."

"कशावरून म्हणता?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी आमची गिटारची परीक्षा सांगितली. मी परीक्षक आहे हे ऐकून डॉक्टर माझ्याकडंच जरा जास्त वेळ बघत राहिले. मग त्यांनी कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची दाखवली. "डाव्या हातानं उचला. आणि मी सांगेपर्यंत धरून ठेवा."

मामांनी उचलली. आधी काही झालं नाही. मग करंगळी सुटली, तिच्या शेजारचं बोट सुटलं आणि खुर्ची फरशीवर आदळली. बाहेर ओळीत बसलेल्या लोकांनी आत वाकून बघितलं.

मामांना चौकशीची खिडकी मिळाली. मुखेडच्या स्टँडवर "जळकोट गाडी फलाटावर लागली आहे" असा जाड आवाज तुम्ही ऐकला असेल, तो त्यांचाच. मामी माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत. ओसरीवरची परीक्षा मात्र चालूच राहिली. चहाशिवाय.

"आता कशाला, मामा?" मी एकदा विचारलं.

"कशाला म्हंजे? करंगळी माझीच हाय की."

ते निवृत्त झाले त्या दिवशी संध्याकाळी हारतुरे झाले. दुसऱ्या दिवशी मामा-मामी हिमायतनगरला मुलीकडे जाणार होते. आमची गाडी फलाटावर रिकामी उभी होती. मामा गिटार घेऊन आले, ड्रायव्हरच्या सीटवर चढले. मी मागे, माझ्या जागेवर बसलो.

"डोळे मिटा मास्तर, आन खरं सांगा."

एकेक तार ऐकत गेलो. करंगळीची आली. खणखणली. तिच्या पुढच्याही बोलल्या, आणि मग सगळ्या एकदम.

डोळे मिटलेलेच होते. हात आपोआप वर गेला, दोरी सापडली.

टण टण.

डोळे उघडले तेव्हा मामा पाठमोरे बसले होते. गिटार मांडीवर होती आणि डावा हात गेअरच्या दांड्यावर होता, घट्ट आवळलेला. किती तरी वेळ तो सुटला नाही.