शाळेपर्यंतची आठशे पावलं

आठशे पावलांवरच्या शाळेत मूल सोडायला तुम्हाला गाडी कशाला लागते?

हे मी दादाला विचारलं तेव्हा तो बुटांच्या नाड्या बांधत होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. जर्मनीत र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात इंजिनं तपासतो. शिक्षणासाठी मी त्याच्याकडेच राहते.

"अगं, हिला दमा आहे. बाहेर धूर किती असतो!"

ही म्हणजे माझी सात वर्षांची भाची. धूर खरा होता. शाळेच्या फाटकापाशी आपापल्या लेकरांना धुरापासून वाचवायला आलेल्या गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असत. त्यांतली एक दादाची. भाची उतरायची, दम्याचा पंप ओढायची आणि वर्गात जायची.

माझं बालपण चळवळीतल्या आईबाबांच्या पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलेलं. त्यामुळे मी पत्रक लिहिलं. मुलांना घोळक्यानं चालत नेल्यास छाती, पाय आणि पृथ्वी यांचं काय काय भलं होईल, ते कागदाच्या दोन्ही बाजूंनी. इमारतीतल्या प्रत्येक टपालपेटीत टाकलं. 'जाहिराती नकोत' लिहिलेल्या पेट्यांत तर आवर्जून, कारण ही जाहिरात नव्हती.

संध्याकाळी सगळी पत्रकं आमच्या दाराशी नीट रचून ठेवलेली.

"क्रांती परत आली वाटतं," वहिनी म्हणाली. "जा, प्रत्येकाची बेल वाजवून माफी माग."

तळमजल्यावरच्या निवृत्त बाईंनी माफी ऐकून घेतली आणि विचारलं, "पण निघायचं किती वाजता? कुठून?"

पृथ्वीचं भवितव्य मी लिहिलं होतं, वेळ लिहिली नव्हती.

"सात चाळीसला, आपल्या दारातून," मी तिथल्या तिथे ठरवलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर. त्याच वेळी मी कुत्रा फिरवते. मीही येते."

उरलेल्या बेला वाजवताना मी माफीसोबत वेळही सांगितली. सोमवारी तीन मुलं, आम्ही दोघी आणि कुत्रा. दोन आठवड्यांत मुलं नऊ झाली.

"आल्झो, मग पाऊस आला तर?" दादानं विचारलं. भाचीनं जर्मनमध्ये सांगितलं की रेनकोट आहे, आणि ती चालू लागली.

पंप अजून दप्तरात असतो. पण हल्ली फाटकापाशी तो रोज बाहेर निघत नाही. तिथे गाड्या अजून उभ्या असतातच. एक कमी झाली, दादाची.

तेव्हा पत्रक छापू नका. आज शेजारची बेल वाजवा आणि उद्या किती वाजता निघायचं, तेवढं सांगा.