अंगाला अंग

आमच्याकडं जत्रेच्या फडात दोन पैलवान आधी एकमेकांच्या अंगाला माती लावतात, मगच भिडतात. माझ्यासमोर पाटलाचा थोरला उभा होता. त्यानं मूठभर माती उचलली आणि लांबूनच माझ्या छातीवर फेकली, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी. मग पंचांकडं वळून म्हणाला, "म्या न्हाय शिवणार ह्याला."

फड हसला. मी महारवाड्यातला. निजाम गेला होता. शिवाशिव पाळली तर शिक्षा होईल असा कायदाही आला होता म्हणे. आमच्या गावी तो सकाळच्या मोटारीनं आला असेल आणि त्याच मोटारीनं परत गेला असेल.

पंचांत पाटील बसले होते. म्हणाले, "लई तालीम केलीस न्हवं? मग एकट्यानंच डाव दाखव. नारळ देतो."

आणि मी दाखवले. हवेला कवेत घेतलं, हवेला पाठीवरून फेकलं, माझा मीच मातीत लोळलो. लोकांनी टाळ्या पिटल्या. नारळ घरंगळत माझ्या पायाशी आला, मी तो उचललाही.

माझी माय फडाच्या कडेला आमच्या लोकांत उभी होती. घरी आल्यावर एवढंच बोलली, "माकडाच्या गळ्यात दोरी तरी असती रं. तुला कुणी बांधलं हुतं?"

लाज वाटली.

मला कुस्ती शिकवली तेर गावच्या एका मुसलमान वस्तादानं. तो स्वतःच्या हातानं माझ्या पाठीला माती चोळायचा आणि मग मानेवर अशी थाप हाणायचा की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. म्हणायचा, "कुस्ती अकेले की नई होती, बेटा. सामनेवाला होना." त्याची सगळी विद्या त्यात होती. अंगाला अंग भिडल्याशिवाय ना आपला जोर कळतो, ना समोरच्याचा. जो भिडतो, तो आधी समोरच्याला माणूस मानतो. हे शेवटचं मात्र वस्तादानं सांगितलं नव्हतं. ते मला माकड झाल्यावर कळलं.

पुढच्या जत्रेला पुन्हा हाक आली. खेळ लोकांना आवडला होता. मी फडात उतरलो आणि मधोमध मांडी घालून बसलो.

"जोड द्या. तवर उठत न्हाय."

पाटील म्हणाले, "दोन नारळ घे, पर उठ."

"नारळ नगं. जोड द्या."

फड खोळंबला. आधी शिव्या आल्या, मग काठ्या. मला मारतानाही त्यांनी विटाळ सांभाळला. कुणाचा हात लागला नाही, फक्त काठ्या लागल्या. मी ताठ बसून राहिलो असं खोटं सांगणार नाही. पडलो, ओरडलो, काठ्यांनीच कडेपर्यंत ढकलला गेलो. डावा हात मोडला, तो अजून सरळ होत नाही. पण त्या दिवशी मी डाव दाखवला नाही.

हाड सांधल्यावर वस्तीमागं मी कुस्तीचा हौदा खणला. आता तिथं आमची पोरं घुमतात, मांगवाड्यातली येतात, तेरहून वस्तादाचा नातूही येतो. दोन्ही हातांनी समोरच्याला माती लावायची, मग भिडायचं. जो लावणार नाही, त्यानं कपडे घालून घरी जायचं. हवेतला डाव मी कुणाला शिकवत नाही.

यंदा जत्रेला आम्ही सगळे उतरणार आहोत. पाटलांना तसा निरोप धाडलाय. जोड दिली तर कुस्ती होईल. नाही दिली, तर त्या फडात कुणाचीच कुस्ती होणार नाही.