निंगव्वाचा नारळ

निंगव्वाला राग लवकर येत नाही, असं वस्तीवर सगळेच म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. तिला राग यायला वीस वर्षं लागली. एवढा वेळ माणसाने दुसऱ्या माणसाला देऊ नये, पण निंगव्वाने दिला, आणि तोही एका आमदाराला दिला.

सोलापूरच्या दक्षिणेला, जिथं माणसं एका वाक्यात मराठी आणि पुढच्या वाक्यात कन्नड बोलतात, तिथं कल्लवाडी नावाचं गाव आहे. गाव ओढ्याच्या अलीकडे आणि निंगव्वाची वस्ती पलीकडे. वस्ती म्हणजे सतरा घरं, दोन विहिरी आणि तुरीची-ज्वारीची रानं. शाळा, रेशनचं दुकान, एसटीचा थांबा, मतदानाची खोली हे सगळं गावात. वस्तीवरच्या माणसाला मिठाची पुडी आणायची तरी ओढा ओलांडावा लागायचा. त्यासाठी पूर्वीच्या लोकांनी ओढ्यात मोठाले दगड टाकून ठेवले होते आणि पावसाळ्याचे चार-दोन दिवस सोडले तर त्यावरून बरं चाललं होतं.

२००४ साली विधानसभेची निवडणूक लागली. महेश्वर अण्णा तेव्हा एकदा पडलेले होते, पक्षाने तिकीट नाकारलेलं होतं, आणि कपबशीचं चिन्ह घेऊन ते अपक्ष उभे होते. प्रचाराचा नारळ फोडायला त्यांनी कल्लवाडीचं मल्लिकार्जुनाचं देऊळ निवडलं, कारण त्यांची आत्या या गावात दिलेली होती आणि बाकी कुठं माणसं जमायची खात्री नव्हती. इथंही जेमतेम वीस जण जमले. अण्णांनी पायरीवर नारळ आपटला आणि आतून काळं, घाण वास मारणारं पाणी निघालं. नारळ नासका. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली, दोघं-तिघं तर चपला शोधायला लागली.

निंगव्वा त्या दिवशी सोमवार म्हणून देवाला नारळ घेऊन आली होती. अण्णांचा पडलेला चेहरा बघून तिला कसंसंच झालं. तिने पुढे होऊन आपला नारळ त्यांच्या हातात दिला.

"ह्यो घ्या. ह्यो चांगला हाय. कानाला लावून हालवून आणलाय मी."

तो नारळ एका फटक्यात फुटला, पांढराशुभ्र निघाला, आणि अण्णा आठशे बारा मतांनी आमदार झाले. गुलाल अंगावर असतानाच ते देवळात आले आणि सगळ्या गावासमोर निंगव्वाला म्हणाले, "अव्वा, तुमच्या हाताला यश हाय. काय पायजे ते मागा."

निंगव्वाने साडी मागितली नाही, की मुलाला चिकटवा कुठंतरी असंही म्हणाली नाही. ती म्हणाली, "ओढ्यावर पूल करा."

"हे काय मागणं झालं व्हय? वर्षात करतो."

तेव्हापासून हा रिवाज पडला. अण्णांचे दिवस पालटले. कपबशी गेली, मोठा पक्ष आला. मग ज्या पक्षाला दहा वर्षं शिव्या घातल्या त्या पक्षाचा गमछा गळ्यात आला, पुढे तोही उतरला. जिल्ह्यात अण्णांनी काय बदललं नाही ते विचारा. पण नारळ बदलला नाही. निवडणूक लागली की त्यांचा पीए गुरुशांत फोन करायचा, "अव्वा, सोमवारी नऊ सत्तेचाळीसचा मुहूर्त काढलाय, नारळ घेऊन या." निंगव्वा नारळ निवडायची, धुवून त्याला भंडारा-कुंकू लावायची, पदरात बांधायची आणि ओढा उतरून देवळात जाऊन उभी राहायची. पुढे पुढे तिचं लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं असायचं. अण्णांबरोबर शंभर-दोनशे माणसं असायची, पण अव्वा, लुगडं कशानं भिजलं, असं त्यातल्या एकानेही कधी विचारलं नाही.

पूल झाला नाही. झाला तो बंधारा. दुसऱ्या खेपेला आमदार झाल्यावर अण्णांनी ओढ्यावर खालच्या अंगाला बंधारा बांधला, फीत कापली, जलनायक म्हणून सत्कार करून घेतला. त्या बंधाऱ्याचं पाणी मागे फुगलं आणि वाडवडिलांनी टाकलेले दगड त्याखाली बुडाले. आधी चार-दोन दिवस अडणारी वस्ती आता जुलैपासून जानेवारीपर्यंत अडायला लागली. शिवार भिजलं ते खालच्या गावचं, जिथं अण्णांच्या मेहुण्याचा ऊस आहे. पूल मागितलेल्या बाईला अण्णांनी कमरेएवढं पाणी दिलं, आणि तीच बाई पुढच्या निवडणुकीला पुन्हा नारळ घेऊन गेली. आमच्याकडे माणसं अशी आहेत, आणि म्हणून त्यांचे आमदार तसे आहेत.

निंगव्वाची नात श्रीदेवी जन्मली ती २००९च्या निवडणुकीच्या तोंडावर. नारळ फोडल्यावर अण्णांनी त्या महिन्याच्या बाळाला मांडीवर घेऊन फोटो काढला होता आणि म्हणाले होते, "ही पोरगी पुलावरनंच शाळंला जाईल." ती पोरगी आता दहावीला होती. ती शाळेला जायची ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळी बांधून, बाप शरणबसव पाण्यात उतरून ढकलायचा. २०२४च्या ऑगस्टमध्ये ट्यूब कलंडली. पोरगी दोन घोट पाणी पिऊन वर आली, दप्तर वाहून गेलं. शरणबसव घाबरला आणि त्याने तिचं जाणं बंद केलं. पाणी उतरेपर्यंत घरी बस म्हणाला. शाळेतून निरोप आला, हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही.

श्रीदेवी रडली नाही. ती रोज सकाळी युनिफॉर्म घालून ओट्यावर पुस्तक घेऊन बसायची. ते बघून निंगव्वाच्या डोक्यात तिडीक गेली. युनिफॉर्म घालून ओट्यावर बसलेली पोर रोज डोळ्यांसमोर दिसते तेव्हा वीस वर्षांचा भोळेपणा एका आठवड्यात उतरतो.

निवडणूक लागली आणि गुरुशांतचा फोन आला.

"नारळ तयार हाय," निंगव्वा म्हणाली. "अण्णांना म्हणावं, न्यायला या."

"देवळातच या की अव्वा, नेहमीसारकं."

"मी वस्तीवर हाय. नारळ वस्तीवर हाय. आणि माज्या हातानं त्यांच्या हातात देणार, मदी कुणी न्हाय."

गुरुशांत हसला. पण अण्णांनी दुसरा नारळ घेऊन बघायची हिंमत केली नाही. चार निवडणुका जिंकलेला माणूस नासक्या नारळाला अजून भीत होता. सोमवारी सकाळी ओढ्याच्या त्या काठाला गाड्यांची रांग लागली, आणि या काठाला निंगव्वा पदरात नारळ घेऊन उभी राहिली. मागे सगळी वस्ती.

"अव्वा, बा की इकडं," अण्णांनी पलीकडून ये म्हणून अर्ध्या कन्नडात हाक मारली.

"तुमीच बा," निंगव्वा म्हणाली. "पाणी काय खोल न्हाय. आमी रोज येतो."

साडेनऊ झाले. चाळीस झाले. गुरुशांत घड्याळ बघत होता. शेवटी अण्णांनी चपला काढल्या आणि पांढऱ्या कपड्यांसकट पाण्यात पाय टाकला. दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलेलं, पुढे एक जण मोबाईल वर धरून उलटा चालतोय. पाणी गुडघ्याला, मग मांडीला, मग कमरेला आलं. निंगव्वाला मनात बरं वाटलं. बघ आता कसं लागतंय ते, असं तिला वाटलं.

अण्णा काठाशी आले आणि पाण्यातच उभे राहून त्यांनी हात पुढे केले. निंगव्वाने नारळ लगेच दिला नाही. तिला जे बोलायचं होतं ते ती सबंध बोलली.

"चार नारळ दिले तुमाला. पूल कुटं हाय? ह्ये पाणी तुमच्या बंधाऱ्याचं हाय. माजी नात ह्या पाण्यापायी घरात बसलीया. तुमी मांडीवर घेतली ती, ध्यानात हाय का? लाज वाटू द्या अण्णा."

बोलताना तिचा उजवा हात अण्णांच्या डोक्यावरून मागच्या पाण्याकडे रोखलेला होता. अण्णांनी मान खाली घातली, "व्हय अव्वा, या खेपेला नक्की," म्हणाले आणि तिच्या पायांवर वाकले. मग निंगव्वाने नारळ दिला आणि त्यांनी तो काठावरच्या दगडावर फोडला. नऊ सत्तेचाळीस झाले होते. नारळ चांगला निघाला.

त्या रात्री निंगव्वाला शांत झोप लागली. आमदाराला कमरेएवढ्या पाण्यात उभं करून जाब विचारला, हे काय थोडं झालं, असं वस्तीवर बोलत होते.

दुसऱ्या दिवशी श्रीदेवीने तिच्यासमोर मोबाईल धरला. "अज्जी, तू आलीयास बघ."

पडद्यावर अण्णा पाण्यातून येत होते, हळूहळू, छाती काढून. मागे ढोल-ताशाचं गाणं वाजत होतं. मग निंगव्वा दिसली. तिचं तोंड हलत होतं, पण आवाज नव्हता, गाणंच होतं. तिने रोखलेला हात अण्णांच्या डोक्याच्या नेमका वर आला होता आणि अण्णा वाकलेले होते, त्यामुळे ती डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतेय असं दिसत होतं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'जनतेसाठी पाण्यात उतरणारा नेता'.

"मी बोलल्यालं कुटं गेलं?" निंगव्वाने विचारलं.

"काढलंय त्यांनी, अज्जी."

ती क्लिप जिल्हाभर फिरली. बाजारात बायका म्हणाल्या, निंगव्वा, नाव काढलंस की. कुणी तिच्या पाया पडलं. तिला घरोघर जाऊन सांगावंसं वाटलं की मी शिव्या देत होते, पण किती जणांना सांगणार? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथंच राहिली. मतदानाला ती ट्यूबवर बसून गेली आणि दुसरं बटण दाबून आली. सतरा घरांनी तेच केलं. अण्णा एकतीस हजारांनी निवडून आले, आजवरचं सगळ्यात मोठं मताधिक्य.

आठ दिवसांनी ओढ्याच्या गावाकडच्या काठावर बोर्ड लागला. लोखंडी पाइपची वीस फूट बाय दहा फुटांची चौकट, त्यावर ताणून बसवलेला फ्लेक्स. कमरेएवढ्या पाण्यात अण्णा, आणि त्यांच्यावर हात धरलेली निंगव्वा. 'आशीर्वाद अव्वांचा, विजय जनतेचा.'

निंगव्वा बोर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. मग घरी गेली, विहिरीचा दोर घेऊन आली आणि चौकट मोजली. वरच्या अंगाला, जिथं एका बाजूला खडक पुढे आलाय आणि दुसऱ्या बाजूला जुना बांध आहे, तिथं ओढाही मोजला. चौकटीच्या मापाचा दोर ओढ्याला पुरून हातभर टोक शिल्लक राहिलं. तिने शरणबसवला बोलावलं.

"आमदाराचा बोर्ड हाय, आये. केस करतील."

"फोटो माजा हाय. मला इचारून लावलाय का? करू दे केस. कोर्टात तरी माजं बोलणं ऐकू येईल."

रविवारी वस्तीवरचे बारा बाप्ये पाण्यात उतरले. चौकट उपसली, खांद्यावर घेतली आणि खडकावरून बांधावर आडवी टाकली. खालून बाभळीच्या फळ्या तारेने आवळल्या. शरणबसव फ्लेक्स फाडायला लागला तर निंगव्वाने अडवलं, तसाच राहू दे म्हणाली.

संध्याकाळी गुरुशांतचा फोन आला. "अव्वा, बोर्ड कुनी पाडला?"

"पाडला न्हाय. अण्णांना सांगा, पूल झाला."

सोमवारी सकाळी श्रीदेवी युनिफॉर्म घालून, मामाने दिलेलं नवं दप्तर पाठीला लावून चौकटीपाशी आली आणि थांबली.

"अज्जी, अण्णांचं तोंड येतंय पायाखाली."

"ठेव पाय."

"तुजंबी येतंय."

निंगव्वा फ्लेक्सवरच्या त्या हात उचललेल्या, आवाज नसलेल्या बाईकडे बघत राहिली.

"माज्यावरबी ठेव," ती म्हणाली. "मीच देत हुते की नारळ."

श्रीदेवी दोघांच्या तोंडावरून चालत पलीकडे गेली आणि त्या दिवशी प्रार्थनेच्या आधी शाळेत पोचली.